बाराव्या कागदातल्या नांग्या

उमरग्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात व्हरांड्याच्या भिंतीला लागून चौदा माणसं एका ओळीत बसली होती आणि चौदाही जणांच्या एकेका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. शिवकन्यानं सवयीनं ती ओळ डावीकडून उजवीकडं पाहिली. सहाव्या आणि सातव्या माणसाच्या मधी जरा जास्त जागा सुटली होती. सातवी तिची थोरली बहीण, कडूबाई. पदर कानामागं खोचून, पट्टी नसलेला डोळाही मिटून, देवाच्या पायरीवर बसावं तशी बसलेली. मधली ती जास्तीची जागा शिवकन्याला कुसळासारखी सलत राहिली. अक्काला म्हणावं का, जरा इकडं सरक, असं मनात येतंय तोवर पर्समधला फोन वाजला. महिन्यातून दोनतीनदा वाजणारा फोन. पुण्याहून दिग्विजय बोलत होता. ज्या दालनात तिच्या चित्रांचे बारा कागद लागायचे होते, तिथला तो व्यवस्थापक. वयानं तिच्या विद्यार्थिनींच्या पोरांएवढा. "मॅडम, एक लहानशी अडचण आहे," तो म्हणाला, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. फोटो पाहून इथं दोघातिघांनी विचारलं, हे मशीननं काढलंय का." मग तो घाईनं पुढं म्हणाला, "म्हणजे कौतुकानंच विचारलं त्यांनी. हल्ली पेन धरणारी यंत्रं मिळतात ना. तर तुमचा हात काम करताना दिसेल असा दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवाल का? चेहरा नको. फक्त हात. शुक्रवारपर्यंत आला तर बरं, नाहीतर मला इथं उत्तरं देणं जड जाईल." तिनं "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला. मग उजवा हात मांडीवर ठेवून त्यावर डावा हात ठेवला, कुणी लहान मूल गर्दीत धरून ठेवावं तसा.

तिच्या चित्रात यंत्रासारखं काय होतं, ते कुणालाही एका वाक्यात सांगता आलं असतं. तीस इंच बाय चाळीस इंचाचा हातकागद, आणि त्यावर शिसपेन्सिलीच्या उभ्या रेघा, एकेक रेघ ज्वारीच्या दाण्याएवढी. ओळ सरळ यावी म्हणून ती कागदावर आडवा दोरा ताणायची, दोऱ्याच्या कडेनं डावीकडून उजवीकडं रेघा घालत जायची, ओळ संपली की दोरा बोटभर खाली. पट्टी नाही, खोडरबर नाही, आणि एकदा पुढं गेलं की मागं यायचं नाही. एक कागद पंचवीस-तीस दिवस खायचा. लांबून पाहिलं तर कागद कोराच वाटायचा, जरा मळलेला. जवळ आलं की मग तो श्वास घेतल्यासारखा हलायचा. मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं तिनं पोपट, आंबा, माझी सहल असलं सगळं शिकवलं आणि घरी येऊन हे केलं. शाळेचा शिपाई गुंडप्पा एकदा कपाट उचलायला घरी आला तेव्हा बराच वेळ कागदासमोर उभा राहून म्हणाला होता, "बाई, आखून झालंय. आता चित्र कवा काढायलाव?" ती हसली होती. त्याचा राग यावा असं त्यात काही नव्हतं. तो निदान उभा तरी राहिला होता.

एकसष्टाव्या वर्षी पहिलं प्रदर्शन, आणि त्याच वर्षी हात सुटायला लागला. कापत नव्हता, निदान ती तसं म्हणत नव्हती. तीस-पस्तीस रेघांनंतर अंगठा आपला आपण एक बारीकशी उडी घ्यायचा आणि एक घर रिकामं सुटायचं. कधी दोन. डोळ्याला कळायच्या आत हात पुढं गेलेला असायचा, आणि मागं यायचं नाही हा तर तिचाच नेम. सोलापूरच्या डॉक्टरांनी तिला दोन्ही हात पुढं करायला लावले, बोटांवर एक कागद ठेवला, कागद फडफडला, ते म्हणाले, घाबरायचं कारण नाही, वयाचं आहे, बारीक काम तेवढं कमी करा. ती हसून बरं म्हणाली. बारीक काम कमी केल्यावर मागं काय उरतं, हे विचारायला डॉक्टरांच्या टेबलावर जागा नव्हती. अकरा कागद त्याआधीचे होते, भरगच्च. बारावा, ह्या भाद्रपदात धरलेला, विरळ पडत चालला होता. एक ओळ तेवढी खाली राहिली होती, आणि ती ओळ गेले बारा दिवस राहिलेलीच होती.

आत बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, औषधाचा थेंब टाकला आणि बोटं धरून विचारलं, "मावशी, किती दिसतात?" कडूबाई बोटांकडं बघेचना. ती डॉक्टरीणबाईंच्या ओढणीकडं बघत होती. "ह्या फुलाला मधी पिवळा ठिपका हाय व्हय," ती म्हणाली, "भारी केलंय." मग मान वळवून तिनं बहिणीकडं पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिली. "शिवे, किती म्हातारी झालीस गं तू. मला कुणी बोललं न्हाय." डॉक्टरीणबाई हसल्या, शिवकन्याही हसली. पंधरा दिवस डोळ्याला पाणी लावायचं नाही, धूळ नको, चुलीपुढं बसायचं नाही, वाकायचं नाही, थेंब दिवसातून चारदा. म्हणून तर कडूबाई जळकोटला भावाकडं, इंद्रजितकडं न जाता पंधरा दिवस इथं बहिणीकडं राहणार होती. रिक्षात काळा चष्मा लावून ती रस्त्याकडच्या पाट्या, ट्रकांच्या मागची फुलं, केळीवाल्याच्या गाड्यावरचे डाग असं एकेक मोठ्यानं सांगत होती. हायवेवर हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकांची ओळ लागली होती. शिवकन्या ऐकत नव्हती. कौतुकानंच विचारलं, असं तो म्हणाला होता.

खूप मागं, पुण्याला चित्रकला शिकत असताना, सरांनी तिच्या कागदावर बोट टेकवून विचारलं होतं, "रेघ स्वच्छ आहे. पण कुणाची आहे?" तेव्हा ती पट्टी लावून काढायची. जळकोटहून आलेल्या, शहरातलं बोलणं न जमणाऱ्या पोरीला पट्टीचा फार आधार होता. पट्टीनं काढलेल्या रेघेला कुणी हसू शकत नाही. त्या दिवशी खोलीवर येऊन तिनं पट्टी ट्रंकेत टाकली आणि नुसत्या हातानं एक रेघ काढली, तिच्याशेजारी दुसरी, तिच्याशेजारी तिसरी. रात्र कधी सरली ते कळलं नाही. कागद भरल्यावर तिला दिसलं की एकही रेघ दुसरीसारखी नव्हती, आणि तरी सगळ्या मिळून एकच काहीतरी म्हणत होत्या, मेळ्यात बाया एक सूर धरतात तशा. कुणाची आहे, ह्याचं उत्तर तिला तेव्हा मिळालं असं वाटलं होतं. माझी. एवढ्या एका शब्दावर तिनं पुढची चाळीस वर्षं काढली. लग्न नाही, पोरंबाळं नाहीत, हायवेच्या मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि त्यातल्या मोठ्या खोलीत भिंतीला टेकवलेले ते अकरा कागद. आता पुण्याहून तोच प्रश्न उलटा फिरून आला होता. रेघ स्वच्छ आहे, पण माणसाची आहे का.

घरी येऊन तिनं अक्काला जेवायला वाढलं, थेंब टाकले, कॉटवर आडवं केलं. मग जुन्या हजेरीपटांचा गठ्ठा टेबलाच्या कडेला रचला, त्यावर फोन कागदाकडं वाकवून ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि शेवटच्या ओळीचा दोरा ताणला. फोनच्या काचेत हात दिसत होता. इतकी वर्षं तिनं तो आतून ओळखला होता, बाहेरून असा पाहिला नव्हता. शिरा वर आलेल्या, अंगठ्याचं नख जरा डावीकडं वळलेलं. पहिल्या वीस रेघा बऱ्या आल्या. मग अंगठ्यानं उडी घेतली. मग पुन्हा. तिनं डाव्या हातानं मनगट धरलं, तर रेघ चिरडल्यासारखी आली. तीन मिनिटांत तिनं पेन्सिल खाली ठेवली. ओळ निम्मीसुद्धा झाली नव्हती. तिला आपल्याच हाताची लाज वाटली, नातेवाइकाची वाटावी तशी, आणि फोनकडं न बघता ती आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली. दुपारचं ऊन पडद्यातून येत होतं. ट्रकांचा आवाज लांबून आल्यासारखा येत होता. तिला झोप लागली.

झोपेत तिला काळं रान दिसलं. दसऱ्याआधीची पेरणी, ज्वारीची. बैलांमागं तिफण, तिफणीवर वडील, म्हणजे आबा, आणि चाड्यावर, म्हणजे ज्या लाकडी वाटीतून बी नळ्यांमधून जमिनीत उतरतं तिच्यावर, अक्काची मूठ. पंधरा वर्षांची अक्का, परकर वर खोचलेला, कमरेला बियाची वटी. आधीची दोन मुलं जगली नाहीत म्हणून तिचं नाव कडू ठेवलेलं. कडू असलेलं कुणी उचलून नेत नाही. आबा म्हणायचे, कडीच्या मुठीला डोळे हायत. तिची मूठ घट्ट नाही आणि सैलही नाही. दाणे असे सुटायचे की आठ दिवसांनी उगवण झाली की पेरणीच्या ओळीचा तासच्या तास एका हातानं ओवल्यासारखा दिसायचा. शिवारातले लोक तिला चाड्यावर मागायला यायचे. सहा वर्षांची शिवकन्या मागून तासातून चालायची आणि अक्का खालच्या आवाजात जे म्हणायची ते ऐकायची, मुठीच्या तालावर:

पयली माझी मूठ गं, काळ्या आईच्या वटीला,
दुसरी माझी मूठ गं, पाखराच्या वाट्याला.

आणि उगवण झाल्यावर दोघी बहिणी तास धरून फिरायच्या. जिथं दाणा पडला नाही किंवा पाखरानं उचलला तिथं रिकामी जागा दिसायची. तिला नांगी म्हणायचं. ओल आहे तोवर नांगी भरायची. अक्का बोटानं माती उकरायची, शिवकन्या दोन दाणे टाकायची, अक्का माती सारायची. मोकळी नांगी बघून पुढं जायचं नाही, अक्का म्हणायची, रानाला ते पोटात दुखतं.

जाग आली तेव्हा ऊन सरकलं होतं. कॉट रिकामी होती. बाहेरच्या खोलीत अक्का टेबलाशी, काळा चष्मा कपाळावर चढवून, नाक कागदाला लागेल इतकी वाकून बसली होती, आणि तिच्या हातात पेन्सिल होती. लिहायला धरतात तशी नाही, चिमटीत, दाणे धरावेत तशी. "उठलीस व्हय," ती मागं न बघता म्हणाली. "शिवे, म्या इतकी वरसं म्हणत हुते, कागुद कोराच हाय, पोरीला पगार कशाचा देतेत काय की. आज बघितलं तर अगं बया, हे तर सगळं पेरलंय की. तास न् तास. पर खालच्या अंगाला नांगं लई पडलंत बग. म्या भरत आले. हितनं हितवर झालंय."

शिवकन्यानं कागद पाहिला. खालच्या वीसेक ओळींत जिथं जिथं घर सुटलं होतं तिथं तिथं एक रेघ उभी होती. तिच्या तोंडातून जो आवाज आला तो तिनं बत्तीस वर्षांत वर्गातसुद्धा काढला नव्हता. "तुला कुणी सांगितलं होतं? हात कुणी लावायला सांगितला तुला?"

"कुणी सांगायचं? नांगं दिसलं, भरलं."

"हे रान न्हाय अक्का. ह्यातलं तुला काय कळतंय? सबंध जन्मात एक गोष्ट होती माझी, माझी एकटीची. तीबी तू..."

अक्कानं पेन्सिल टेबलावर ठेवली. घरंगळू नये म्हणून तिला वहीचा आधार दिला. काळा चष्मा डोळ्यांवर ओढला. "एकटीची व्हय," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो, नुसतं तोंडात फिरवून बघितलं. "मला वाटलं, हात दुखायला लागलाय म्हणून सोडलंस." मग ती उठून आत गेली आणि कॉटवर पाय खाली सोडून बसली. दिवेलागणीचे थेंब शिवकन्यानं टाकले. थेंब टाकताना अक्काचा डोळा लाल दिसत होता, वाकल्यानं असेल, कशानंही असेल.

सकाळी अक्काची पिशवी दाराशी होती. इंद्रजितच्या बायकोला एकटीला उरकत न्हाय, ती म्हणाली, आणि तिच्या निकिताची परीक्षा हाय. दोन्ही खोटं होतं, दोघींना माहीत होतं. पंधरा दिवस थांबायचं होतं तुला, धुळीत जायचं नाही, असं शिवकन्या म्हणाली, पण नुसतं म्हणाली. हात धरून बसवलं नाही. स्टँडवर जळकोटवरून नळदुर्गकडं जाणारी गाडी लागली होती. खिडकीशी जागा मिळाली. गाडी हलायच्या बेताला अक्कानं खिडकीतून विचारलं, "कागुद लई वाया गेला का गं?" शिवकन्या म्हणाली, "न्हाय." अक्कानं मान हलवली. काळ्या चष्म्यात शिवकन्याला आपली दोन लहान रूपं दिसली, शेजारी शेजारी, आणि गाडी गेली.

मग ती होती आणि कागद होता. घरी आल्यावर तिनं आयुष्यात पहिल्यांदा खोडरबर विकत आणून टेबलावर ठेवलं. अक्काच्या रेघा शोधून काढायच्या, खोडायच्या, कागद होता तसा करायचा. नांगीला नांगी. पण डोळ्यांना त्या सापडेनात. भिंगातून पाहिलं तर शिसं तेच, लांबी तीच, कल तोच, जरासा डावीकडं. तिनं कागद उलटा केला आणि मागून बोट फिरवलं, तेव्हा कळलं. तिच्या स्वतःच्या रेघा कागदाच्या वरच राहिल्या होत्या. अक्काच्या आत गेल्या होत्या. पाठीवर एकेक बारीक उंचवटा उठला होता, बी ढेकळाखाली गेलं पाहिजे अशा दाबानं घातलेला. डोळे मिटून ती एकेक मोजत गेली. त्रेचाळीस. त्रेचाळीस ठिकाणी तिचा हात सुटला होता आणि तिला वाटलं होतं की फार तर पंधरा असतील. खोडरबर हातात घेऊन ती बसून राहिली. खोडलं तरी दाब कागदात राहणार. वरून कोरी दिसणारी, आतून भरलेली जागा. संध्याकाळ झाली, खालच्या गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं, एकसारखं, एकसारखं, मग थांबलं. थांबल्यावर घर जास्तच मोठं झालं. आठवड्याभरापूर्वीही ते एवढंच होतं.

गुरुवारी तिनं पुन्हा फोन गठ्ठ्यावर ठेवला. जागा शिल्लक नाही, असं फोननं दाखवलं. जुनं काय काढून टाकावं म्हणून तिनं पाहिलं तर सोमवारचं चित्रण निघालं, सत्तेचाळीस मिनिटांचं. ती ते बंद करायला विसरली होती. जागा संपल्यावर ते आपलं आपण थांबलं होतं. तिनं चालू केलं. आधी तिचा हात, तीन मिनिटं, ती उडी, ते मनगट धरणं. मग नुसता कागद. बराच वेळ नुसता कागद, पंख्यानं हलणारा दोरा, लांबचा हॉर्न. ती पुढं ढकलणार होती एवढ्यात काचेच्या कडेनं दुसरा हात आला.

आधी तो कागदावर उताणा फिरला, रान तपासावं तसा. मग पालथा झाला, चिमटीत पेन्सिल आली. सत्तर वर्षांचा, भेगाळलेला, मनगटावर गोंदणाचे निळे ठिपके, आणि अंगठ्याचं नख जरा डावीकडं वळलेलं. तो हात कापत नव्हता. ओळीवरून सरकत सरकत यायचा, रिकाम्या जागेशी थांबायचा, एक बोट आधी टेकायचं, माती उकरल्यासारखं, आणि मग रेघ. ना घाई, ना विचार. शिवकन्याला दिसलं की रेघेच्या आधी मनगट किंचित आत वळतं. तिनं आपलं मनगट पाहिलं. तेसुद्धा वळायचं, चाळीस वर्षं; कुणी शिकवलं हे तिनं कधी विचारलं नव्हतं. तासातून मागं चालणारी सहा वर्षांची पोर काय बघत होती, तर हेच बघत होती. आबांनी दोघींपैकी एकीला शाळेत घातलं. चाड्यावरचा हात रानातून काढून घेता येत नव्हता, म्हणून धाकटीला. पुढं अक्काचं लग्न झालं, नवरा दोन वर्षांत गेला, ती परत आली, परत चाड्यावर उभी राहिली. मग इंद्रजितनं ट्रॅक्टर घेतला आणि ट्रॅक्टरमागच्या पेरणीयंत्राला मूठ लागत नाही. त्या वर्षी अक्का बांधावर बसून यंत्र फिरताना बघत होती, असं निकितानं कधीतरी सांगितलं होतं. शिवकन्यानं तेव्हा बरं म्हटलं होतं. आता बरं झालं, अक्काला आराम.

आणि मग तिला जे सुचायला नको होतं ते सुचलं. चेहरा नको, असं दिग्विजय म्हणाला होता. फक्त हात. मनगट वगळून बोटं तेवढी ठेवली तर नख तेच, कल तोच, पेन्सिल धरायची पद्धत विचित्र, पण चित्रकाराची पद्धत विचित्र असतेच. तिनं कापून पाहिलं. दोन मिनिटं चार सेकंद. स्थिर हात, एकामागून एक रेघ. कुणाला कळणार होतं? तिनं दिग्विजयचं नाव काढलं, तुकडा लावला. फक्त आवाज काढायला हवा होता. त्यात अक्का काहीतरी गुणगुणत होती. तिनं आवाज बंद करून एकदा पाहिलं. बंद आवाजात तो हात कुणाचाही झाला. यंत्राचासुद्धा. तिनं आवाज परत चालू केला, फोन कानाशी नेला, काच काळी झाली आणि नुसतं ऐकू यायला लागलं, दात पडलेल्या तोंडातलं, खालच्या सुरातलं. पयली माझी मूठ गं. दुसरी माझी मूठ गं. ह्या दोन्ही मुठी तिला पाठ होत्या. अक्का तिथं थांबली नाही.

तिसरी माझी मूठ गं, लांब गेल्या बहिणीला.

तिसरी मूठ तिनं लहानपणी ऐकली नव्हती. तेव्हा लांब कुणी गेलंच नव्हतं. म्हणजे ही नंतर कधीतरी जोडलेली, शिवकन्या पुण्याला गेल्यावर, अक्कामागून तासातून कुणी चालत नसताना. आणि त्यानंतर किती पेरण्या झाल्या असतील, किती मुठी, ह्याचा हिशेब तिला करता आला नाही. तिनं फोन मांडीवर ठेवला. रडू आलं नाही. रडायला कुणीतरी आतल्या खोलीत लागतं.

तिनं इंद्रजितच्या घरी फोन लावला. निकितानं उचलला. "आत्या, तुम्ही व्हय? मोठी आत्या न्हायत घरी. रानात गेल्यात."

"रानात कशाला? धूळ नको सांगितलीय डॉक्टरांनी."

"सगळ्यांनी सांगून बघितलं. ट्रॅक्टरची ज्वारी उगवलीय न्हवं, तिच्यात नांग्या भरायल्यात. पप्पा म्हणले, राहू द्या अक्का, मशीनची पेरणी अशीच असतीय. ऐकतेत का? म्हणतेत, आता मला लांबचं नांगं बी दिसायलंय." निकिता हसली. "काय निरोप सांगू?"

शिवकन्याला पुष्कळ सांगायचं होतं. "थेंब टाकलं का विचार," ती म्हणाली. "चारदा टाकायचं म्हणावं. आणि ते... दुसरा डोळा कधी करायचा म्हणली ती?"

"दिवाळी झाल्यावर बघू म्हणल्यात."

"इथंच करायचा म्हणावं. माझ्याकडं राहायचं. पंधरा दिवस."

"बरं," निकिता म्हणाली. "येतील का काय की, आत्या. मी सांगते."

शुक्रवारी सकाळी तिनं स्वतःच्या हाताची ती तीन मिनिटं दिग्विजयला पाठवली, न कापता. उडी, रिकामं घर, मनगट धरणं, सगळं. खाली लिहिलं, हात माझा आहे, सध्या असा चालतो. अकरा कागद पाठवते आहे. बारावा येणार नाही, त्यात दुसरा हात आहे आणि तो अजून पुरा व्हायचा आहे. बारासाठी मोजलेली भिंत होती, हे तिला माहीत होतं. बाराव्याची जागा पुण्यात मोकळी दिसेल, लोक विचारतील, किंवा विचारणार नाहीत, किंवा दिग्विजय अकराही नको म्हणेल. निरोप पोचल्याच्या दोन खुणा उमटल्या. दुपारपर्यंत उत्तर आलं नाही. तिनं फोन हजेरीपटांवर पालथा ठेवला.

मग खोडरबर कपाटात टाकून ती बाराव्या कागदाशी बसली. शेवटची ओळ अर्धवट राहिली होती. तिनं दोरा ताणला. खालून ट्रक जात होते, एकामागून एक, उमरग्यातून पुढं. ती मनातल्या मनात मुठी मोजत रेघा घालू लागली, पहिली, दुसरी, तिसरी. तिसरीला हात जरा दमायचा आणि पुन्हा पहिलीवर यायचा. अंगठ्यानं उडी घेतली. तिनं घेऊ दिली. मागं आली नाही. ओळ उजव्या कडेला पोचली तेव्हा तिच्यात सात घरं मोकळी होती. तिनं दोरा काढला, कागद उलटा करून सातही जागांवरून बोट फिरवलं. मागं काहीच उठलेलं नव्हतं, कागद सपाट होता. पेन्सिलीला टोक केलं आणि ती टेबलाच्या पलीकडच्या बाजूला ठेवली, जिथं सोमवारी अक्का बसली होती तिथं, घरंगळू नये म्हणून वहीचा आधार देऊन. खुर्ची तेवढी जरा पुढं ओढली. दिवाळीला अजून सतरा दिवस होते.